कुत्र्याचं म्हातारपण आणि आपला खिसा

कुत्रा म्हातारा झाला, हे घरातल्यांना फार उशिरा कळतं. तो कण्हत नाही, की गुडघा धरून बसत नाही. सोफ्यावर उडी मारणं तो गुपचूप सोडून देतो आणि आपण म्हणतो, शहाणा झाला. जिन्याच्या वळणावर थांबतो, तर म्हणतो, आळशी झाला. सकाळी उठल्यावर पहिली काही पावलं ताठ पडतात, तेव्हा खापर थंडीवर फुटतं. पुढे मागच्या मांड्या सुकायला लागतात, पायाची एकच जागा तो चाटत राहतो, आणि कंबरेवर हात ठेवला की आयुष्यात कधी न गुरगुरलेला प्राणी गुरगुरतो. ही सगळी सांधे झिजल्याची लक्षणं असू शकतात. हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा विरत जाते, सांध्यातलं वंगण पातळ होतं, आतल्या अस्तराला सूज येते आणि कडेने नको तिथे नवं हाड वाढतं. माणसाच्या गुडघ्यात होतं तेच. मात्र कुत्र्यात याची सुरुवात पुष्कळदा तरुणपणीच झालेली असते. खुब्याची खोबण वाढीच्या वयातच उथळ राहिलेली असते, कोपर नीट जुळलेलं नसतं किंवा गुडघ्यातला अस्थिबंध कधीतरी तुटलेला असतो. म्हातारपणी ते फक्त उघडकीला येतं.

म्हातारा नेमका कधी म्हणायचं? अमेरिकेतल्या प्राणी-रुग्णालयांच्या संघटनेने यासाठी एक सोपी रेघ मारली आहे: त्या जातीच्या अपेक्षित आयुष्यातला शेवटचा पाव हिस्सा म्हणजे ज्येष्ठपण. त्या हिशेबाने ग्रेट डेन सहाव्या-सातव्या वर्षीच आजोबा होतो, लॅब्रेडॉर नवव्याच्या आसपास, आणि घरातला पॉमेरेनियन दहा-अकराव्या वर्षीही स्वतःला तरुण समजत असतो.

लक्षणं ध्यानात आली की बहुतेक जण पहिली फेरी मारतात ती दुकानात. तिथे ‘सीनियर’ लिहिलेली महागडी पिशवी असते, सांध्यांची पावडर असते, हाडाच्या आकाराच्या गोळ्या असतात, तेलाच्या बाटल्या असतात. हे सगळं घेतलं तर महिन्याचं बजेट कोलमडतं, आणि काहीच घेतलं नाही तर मन खातं. माझ्या मते प्रश्न किती खर्च करायचा हा नाहीच. कोणत्या क्रमाने करायचा, हा आहे. दुकानातल्या फळीवर जे डोळ्यांच्या उंचीवर मांडलेलं असतं, ते या क्रमात जवळजवळ तळाला येतं. सगळ्यांत वर जे येतं त्याला पैसे पडत नाहीत, उलट वाचतात.

ते म्हणजे वजन.

प्युरिना कंपनीने १९८७मध्ये लॅब्रेडॉरच्या ४८ पिल्लांवर एक लांबलचक प्रयोग सुरू केला. एकाच वेतातल्या पिल्लांच्या जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला जेवढं अन्न मिळे, त्याहून २५ टक्के कमी दुसऱ्याला. अन्न तेच, फक्त माप वेगळं. हा हिशेब कुत्र्यांच्या अखेरीपर्यंत ठेवला गेला आणि निष्कर्ष २००२मध्ये प्रसिद्ध झाले. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य १३ वर्षं निघालं, भरपूर खाणाऱ्यांचं ११.२. त्याहून आपल्या कामाचा आकडा सांध्यांचा आहे. भरपूर खाणाऱ्या गटातल्या निम्म्या कुत्र्यांना संधिवातासाठी उपचार लागेपर्यंत त्यांचं वय १०.३ वर्षं झालं होतं. कमी खाणाऱ्यांत ती वेळ १३.३व्या वर्षी आली. तीन वर्षांचा फरक, आणि तोही औषधाच्या एका थेंबाशिवाय. प्रयोग अन्न विकणाऱ्या कंपनीचा आणि निष्कर्ष ‘कमी घाला’ असा, हा योगायोग मला आवडतो.

‘आमचा तर आता म्हातारा झालाच, आता काय उपयोग?’ असं वाटत असेल, तर दुसरा एक अभ्यास आहे. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात संधिवात असलेल्या लठ्ठ कुत्र्यांचं वजन हळूहळू उतरवलं गेलं. साधारण सहा टक्के वजन कमी होताच लंगडणं मोजण्याइतकं घटलं होतं. ३४ किलोच्या लॅब्रेडॉरसाठी सहा टक्के म्हणजे जेमतेम दोन किलो.

वजन जास्त आहे की नाही, हे ओळखायला काट्याची गरज नाही. आपली मूठ वळा आणि दुसऱ्या हाताची बोटं तिच्या उंचवट्यांवरून फिरवा. बरगड्या अशा लागत असतील तर कुत्रा रोडावला आहे. आता हात उघडा आणि पालथ्या पंजावरून बोटं फिरवा. पातळ कातडीखाली हाडं लागतात, पण टोचत नाहीत. बरगड्या अशा लागायला हव्यात. तळहाताच्या मऊ भागासारख्या लागल्या, म्हणजे दाबून शोधाव्या लागल्या, तर कुत्रा लठ्ठ आहे. वरून पाहताना कंबर आत गेलेली दिसली पाहिजे. आपल्याकडे गुबगुबीत लॅब्रेडॉर हाच लॅब्रेडॉर असा समज असल्याने, बरोबर वजनाच्या कुत्र्याच्या मालकाला सोसायटीतले लोक ‘खायला घालता ना?’ असं विचारतात. ते ऐकून घ्यावं.

आता किती घालायचं ते. मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरवर हा हिशेब होतो. कुत्र्याचं आजचं नव्हे, तर असायला हवं ते वजन घ्या. त्याला त्यानेच दोनदा गुणा, आलेल्या संख्येचं वर्गमूळ काढा, त्याचंही पुन्हा वर्गमूळ काढा आणि ७०ने गुणा. २८ किलोसाठी उत्तर येतं सुमारे ८५० किलोकॅलरी. वजन उतरवायचं असताना दिवसभराचं सगळं मिळून एवढ्यातच बसवायचं. वजन योग्य असलेल्या, थोडंफार चालणाऱ्या म्हाताऱ्याला याच्या सव्वा ते दीडपटीत भागतं. आठवड्याला एक टक्का उतरलं तरी चाल चांगली आहे.

८५० ही संख्या लहान आहे, हे बिस्किटांचा पुडा पाहिला की कळतं. ग्लुकोज बिस्किटांच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ४५० किलोकॅलरी असतात. चहाबरोबर सकाळ-संध्याकाळ मिळून ५० ग्रॅम बिस्किटं कुत्र्याच्या तोंडात गेली, तर त्याच्या कोट्याचा पाव हिस्सा तिथेच संपला. मध्यम आकाराची बिनतुपाची पोळी शंभराच्या आसपास जाते. आणि आपल्या घरांत खाऊ घालणारा एकच माणूस नसतो. आई पोळीचं शेवटचं टोक देते, आजोबा बिस्किट देतात, मुलं ताटातलं नको असलेलं खाली सरकवतात, कामाला येणाऱ्या मावशी लाडाने दूध ओततात. आणि प्रत्येकाला प्रामाणिकपणे वाटत असतं, की आपण फारसं देत नाही. इथे उपदेश चालत नाही, डबा चालतो. दिवसाचं सगळं अन्न सकाळी वजनकाट्यावर मोजून एका डब्यात भरायचं. ज्याला लाड करायचे त्याने त्यातूनच करायचे. डबा रिकामा झाला की लाड संपले. वरखाऊ एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये. तेवढ्यात काकडीच्या चकत्या, गाजर, उकडलेला दुधी किंवा लाल भोपळा पोटभर देता येतो. आजोबांचा विरोध मावळायला आठवडाभर लागतो, कुत्र्याचा दोन दिवसांत.

एक सावधगिरी मात्र हवी. नेहमीचंच अन्न सरळ निम्मं करून टाकलं, तर कॅलरीबरोबर प्रथिनंही निम्मी होतात, आणि म्हाताऱ्या कुत्र्याला नेमकी तीच कमी पडून चालत नाहीत. सांधा झिजला की त्याला धरून ठेवायचं काम स्नायू करतात. वयाबरोबर स्नायू आपोआप झडत असतात, त्यात दुखऱ्या पायावर भार न टाकल्याने आणखी झडतात. म्हातारपणी प्रथिनं कमी करावीत, मूत्रपिंडावर ताण येतो, ही समजूत अजून अनेक घरांत आहे. मूत्रपिंडाचा विकार असल्याचं रक्ततपासणीत दिसलं, तर डॉक्टर अन्नातलं फॉस्फरस कमी करायला सांगतात आणि प्रथिनांवरही मर्यादा घालतात, ते ऐकायचं. पण मूत्रपिंडं ठीक असलेल्या म्हाताऱ्याचं मांस-अंडं केवळ वय झालं म्हणून तोडणं म्हणजे मांड्या आणखी सुकवणं.

आता त्या ‘सीनियर’ पिशवीकडे वळू. पशुखाद्याचे निकष ठरवणारी ‘आफ्को’ ही अमेरिकी संघटना प्रौढ कुत्र्यांसाठी एक आणि वाढत्या पिल्लांसाठी व गाभण-दुभत्या माद्यांसाठी एक, असे दोनच पोषण-तक्ते देते. म्हाताऱ्यांचा वेगळा तक्ता नाही. त्यामुळे ‘सीनियर’ या शब्दामागे प्रत्येक कंपनीची आपापली कल्पना असते: कुणी कॅलरी कमी करतं, कुणी तंतू वाढवतं, कुणी नावापुरतं ग्लुकोसामाइन टाकतं आणि किंमत वाढवतं. हा शब्द वगळून पिशवी उलटी करा आणि मागचे आकडे वाचा.

समजा, एक पिशवी किलोला २६० रुपयांची आहे. तिच्यावर प्रथिनं २४ टक्के, स्निग्धांश १०, तंतू ४, ओलावा १०, राख ८ असं लिहिलंय. या सगळ्यांची बेरीज शंभरातून वजा केली की उरतात ती ४४ टक्के कर्बोदकं. कुत्र्यांच्या कोरड्या अन्नासाठी प्रथिनं आणि कर्बोदकं यांना ग्रॅममागे साडेतीन, स्निग्धांशाला साडेआठ किलोकॅलरी धरतात. हिशेब येतो १०० ग्रॅमला सुमारे ३२३. दुसरी पिशवी समजा ४२० रुपये किलोची: प्रथिनं २८, स्निग्धांश १७, तंतू ३, ओलावा ९, राख ७. तिच्या १०० ग्रॅममध्ये भरतात सुमारे ३६८. म्हणजे आपल्या ८५० किलोकॅलरींना पहिली पिशवी दिवसाला ६८ रुपये घेते, दुसरी ९७. किलोच्या भावात दिसलं होतं तेवढं अंतर नाही, पण आहे. त्या जादा पैशांत मिळालं काय? १००० किलोकॅलरींमागे पहिलीत ७४ ग्रॅम प्रथिनं, दुसरीत ७६. बाकीचा फरक चरबीचा, जी आपल्या जाड्या रुग्णाला नकोच आहे. ज्येष्ठ कुत्र्यासाठी १००० किलोकॅलरींमागे ७५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असलेली, स्निग्धांश बेताचा असलेली आणि पाकिटावर ‘संपूर्ण व संतुलित’ असं स्पष्ट लिहिलेली पिशवी पुरे. प्रथिनांचा टक्का मोठा असला म्हणजे ती दर्जेदारच असतात असं नाही, पण हा हिशेब न करता घेतलेल्या पिशवीपेक्षा केलेली बरी.

‘धान्यविरहित’ अन्नासाठी जास्त पैसे मोजायचं कारण मला दिसत नाही. माणसाच्या उकिरड्याभोवती हजारो वर्षं राहून कुत्र्याने पिष्टमय पदार्थ पचवण्याची सोय करून घेतली आहे. लांडग्याच्या तुलनेत त्याच्यात पिष्ट पचवणाऱ्या विकराच्या जनुकाच्या किती तरी जास्त प्रती असतात, हे २०१३मध्ये जनुकीय अभ्यासातून दिसलं. शिवाय डाळी-वाटाणे भरलेल्या धान्यविरहित अन्नाचा हृदयाच्या एका विकाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८मध्ये सुरू केली होती. तिचा ठाम निकाल लागला नाही. पण जास्त पैसे देऊन शंका विकत घ्यायची कशाला?

मोठी पिशवी किलोमागे स्वस्त पडते हे खरं. मात्र कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्यातली हवा उघड्या पिशवीला महिन्याभरात खवट करते, बुरशीही धरते. महिना-सव्वा महिन्यात संपेल एवढीच घ्यावी आणि मूळ पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. दुकानात पोत्यातून सुटं मिळणारं अन्न स्वस्त असलं तरी त्याला ना तारीख, ना आकडे.

आता घरचं. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कुत्रे दूध-पोळीवर वाढले, हे तर सगळेच सांगतात. ते कुत्रे दिवसभर वाड्या-वस्तीत हिंडून उंदीर-घुशी, टाकलेली हाडं, कोंबडीची आतडी मिळवून दूध-पोळीची तूट भरून काढत. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ती सोय नाही. नुसत्या दूध-पोळीत किंवा दहीभातात म्हाताऱ्याला पुरतील एवढी प्रथिनं नसतात, आणि दूध पुष्कळ प्रौढ कुत्र्यांना पचत नाही. दही किंवा ताक त्यापेक्षा बरं.

शिजवायचंच असेल तर २८ किलोच्या आपल्या कुत्र्यासाठी एक अंदाज असा: शिजलेला भात २५० ग्रॅम, हाडं आणि कातडी काढून शिजवलेली कोंबडी २०० ग्रॅम, एक उकडलेलं अंडं, लाल भोपळा १०० ग्रॅम आणि दोन चमचे तेल. कॅलरी सव्वाआठशेच्या आसपास, प्रथिनं साठ ग्रॅमच्या वर. चिकनच्या दुकानात पेटा बहुधा मांसापेक्षा स्वस्त मिळतो आणि त्यात चरबी कमी असते. कोंबडीच्या जागी तो चालतो. कलेजी आठवड्यातून एक-दोनदा आणि थोडीच, कारण तिच्यात जीवनसत्त्व ‘अ’ भरपूर असतं. शाकाहारी घरात अंडं चालत असेल तर निम्मं काम झालं. अंडंही चालत नसेल, तर सोयाबीन, मूगडाळ आणि पनीर यांवर भागवण्यापेक्षा तयार संपूर्ण अन्न घेणं मला जास्त सुरक्षित वाटतं.

या थाळीत सगळ्यांत मोठी चूक दिसत नाही, ती कॅल्शियमची आहे. बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला. अंड्याची कवचं धुऊन, वाळवून, मिक्सरमध्ये पिठासारखी बारीक करून ठेवली, तर दिवसाला अर्धा छोटा चमचा भुकटी सुमारे एक ग्रॅम कॅल्शियम देते आणि तेवढं पुरतं. ‘मग नाचणी घालू का?’ असं हमखास कोणीतरी विचारतं. नाचणी उत्तम धान्य आहे, पण तिच्यातून एक ग्रॅम कॅल्शियम मिळवायला सुमारे ३०० ग्रॅम पीठ लागेल, आणि तेवढ्यात कुत्र्याचा दिवसाचा कोटा ओलांडून वर दीडशे कॅलरी उरतील.

तरीही जस्त, आयोडीन, तांबं, जीवनसत्त्वं ‘ड’ आणि ‘ई’ राहतातच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी २०१३मध्ये पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या, तेव्हा ९५ टक्के पाककृतींत किमान एक तरी आवश्यक घटक कमी निघाला. म्हणून मध्यमवर्गीय खिशाला मी सुचवीन ती तडजोड: कॅलरींचा तीन-चतुर्थांश भाग मध्यम किमतीच्या संपूर्ण अन्नाचा आणि उरलेला पाव भाग अंडं, पेटा किंवा मासळीचा. कोरडं अन्न कोमट पाण्यात भिजवलं तर दात हललेल्या म्हाताऱ्याची सोय होते. कांदा, लसूण, मीठ-मसाला, शिजवलेली हाडं नकोतच. द्राक्षं नकोत आणि बेदाणेही नकोत. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा ‘देवाचा आहे’ म्हणून कुत्र्याच्या पुढे ठेवला जातो, त्यातला बेदाणा त्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतो.

सांध्यांच्या पूरकांवर पैसे घालण्याआधी एक खर्च टाळू नये: तपासणीचा. लंगडण्याचं कारण दर वेळी वयच असतं असं नाही. गोचीड तापातही सांधे सुजतात आणि चाल बिघडते, आणि आपल्याकडे गोचिडांची कमतरता नाही. मोठ्या जातीच्या म्हाताऱ्या कुत्र्यात हाडाचा कर्करोगही लंगडण्यानेच सुरू होतो. एक्स-रे आणि रक्ततपासणी खाजगी दवाखान्यात परवडत नसेल, तर परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय (१८८६पासून आहे), शिरवळ आणि नागपूरची महाविद्यालयं, जिल्ह्याची सरकारी सर्वचिकित्सालयं हे पर्याय आहेत. तिथे रांग लागते, पण पावडरीच्या डब्यांपेक्षा ती रांग स्वस्त पडते.

पूरकांमध्ये ज्याच्या बाजूने पुरावा खरोखर उभा आहे, ते म्हणजे माशाच्या तेलातली ओमेगा-३ आम्लं, ईपीए आणि डीएचए. ती सांध्यातली सूज कमी करतात. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, संधिवात असलेल्या ज्या कुत्र्यांना ही आम्लं भरपूर असलेलं अन्न दिलं, त्यांच्या कारप्रोफेन या वेदनाशामकाची मात्रा इतरांपेक्षा लवकर खाली आणता आली. फक्त मात्रा लहान नसते. संधिवातासाठी सुचवली गेलेली कमाल मात्रा २८ किलोच्या कुत्र्याला दिवसाला जवळपास पावणेचार ग्रॅम ईपीए-डीएचए एवढी भरते. औषधाच्या दुकानातल्या साध्या कॅप्सूलवर मोठ्या अक्षरात १००० मिलिग्रॅम असतं, ते तेलाचं वजन. मागच्या बाजूला बारीक अक्षरात ईपीए १८० आणि डीएचए १२०, म्हणजे कामाचा ऐवज ३००. पूर्ण मात्रेला अशा बारा-तेरा लागतील. म्हणून भाव लावायचा तो बाटलीचा नाही, कॅप्सूलचाही नाही, तर ईपीए-डीएचएच्या ग्रॅमचा. दाट तेलाची महाग दिसणारी कॅप्सूल या हिशेबात पुष्कळदा स्वस्त निघते. पाव मात्रेपासून सुरुवात करून, शौच पातळ होत नाही ना ते पाहत, डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन-तीन आठवड्यांत वाढवावी. बहुतेकांची गाडी निम्म्या मात्रेवर थांबते, तीही चालेल. तेलाच्या प्रत्येक ग्रॅमच्या नऊ कॅलरी डब्यातून वजा करायच्या. कॉड माशाच्या यकृताचं तेल मात्र या मात्रेत देऊ नये, त्यातून जीवनसत्त्व ‘अ’ आणि ‘ड’ विषारी पातळीला जाऊ शकतात. आणि जवस? माणसाने चटणी करून खावी. जवसातल्या ओमेगा-३चं ईपीए-डीएचएत रूपांतर करणं कुत्र्याच्या शरीराला फारसं जमत नाही.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांना याहून स्वस्त वाट आहे. तारली, म्हणजे मालवणी बाजारातले पेडवे, पावसाळ्यानंतर तेलाने भरलेले असतात आणि सुरमई-पापलेटच्या भावाच्या जवळपासही जात नाहीत. डोकं काढून, बिनमिठाचे, प्रेशर कुकरमध्ये नेहमीपेक्षा जास्त शिट्ट्या देऊन शिजवले की काटे बोटांनी कुस्करता येतात आणि कॅल्शियमची भरही पडते. कच्चे देऊ नयेत. त्यांच्यातला एक घटक ब-१ जीवनसत्त्व नष्ट करतो, शिजवल्यावर तो उरत नाही. बांगड्याचे काटे कुकरमध्येही टणक राहू शकतात, तेव्हा ते काढून घ्यावेत. नागपूर-नांदेडकडे समुद्राची मासळी ताजी आणि स्वस्त मिळणं अवघड. रोहू-कटल्यात ही आम्लं फारच कमी, त्यामुळे तिथे कॅप्सूलच.

ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन ही जोडी मात्र कीर्तीवर जगते. पहिलं कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून काढतात, दुसरं जनावरांच्या कूर्चेपासून. कूर्चा झिजली तर कूर्चेचा माल खाऊ घालावा, हे तर्काला पटतं आणि तिथेच फसगत होते. माणसांवरच्या २००६च्या मोठ्या अमेरिकी चाचणीत, जवळपास १६०० रुग्णांत, ही जोडी एकंदरीत बनावट गोळीपेक्षा सरस ठरली नाही. कुत्र्यांवरच्या लहान चाचण्यांचे निकाल उलटसुलट होते. २०२२मध्ये माँट्रियलच्या संशोधकांनी सगळे अभ्यास एकत्र तपासले आणि ओमेगा-३च्या बाजूने कौल दिला. ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनची शिफारस आता थांबवावी, असं स्पष्टच लिहिलं. बक्षीस मिळालं असेल तर घाला. विकत घेऊ नका, असं मी म्हणेन. घरातल्या आजींच्या गोळ्या कुत्र्याला देणं तर नकोच. आपल्याकडच्या अशा गोळ्यांत बरेचदा डायसेरीनही मिसळलेलं असतं आणि त्याने जुलाब लागतात.

‘पण आमच्या कुत्र्याला फरक पडला!’ पडला असेलही. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लंगडणाऱ्या ५८ कुत्र्यांना बनावट औषध दिलं आणि त्यांच्या पायांचा भार जमिनीत बसवलेल्या यंत्राने मोजला. यंत्राला फरक दिसत नसतानाही बऱ्याच मालकांना कुत्रा सुधारलेला दिसला. तपासणाऱ्या पशुवैद्यांनाही. सांधेदुखीत चांगले आणि वाईट दिवस येत-जात असतात. आपण डबा आणतो तो वाईट दिवशी, त्यामुळे पुढचे दिवस बरे जाणारच होते. म्हणून एका वेळी एकच नवी गोष्ट सुरू करावी. त्याआधी कुत्र्याला सध्या जड जाणारी दोन-तीन कामं निवडून, म्हणजे गाडीत चढणं, जिना, सकाळची पहिली पावलं, मोबाइलवर चित्रित करून ठेवावी, आणि सहा-आठ आठवड्यांनी त्याच जागी त्याच वेळी पुन्हा. दोन्ही चित्रफिती घरात नसलेल्या माणसाला, कुठली आधीची ते न सांगता दाखवाव्यात. त्याला ओळखता आलं नाही तर दुसरा डबा आणू नये.

हळद, शल्लकी, पाया सूप यांचं काय? सालई विदर्भातल्या आणि सातपुड्यातल्या कोरड्या जंगलांत वाढते, तिच्या डिंकाची म्हणजे शल्लकीची कुत्र्यांवर युरोपात एक लहान चाचणी झाली आणि निकाल आशादायक होता, पण तुलनेला दुसरा गट नव्हता. हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारच थोडं उतरतं. पाया सूप बिनमिठाचं, बिनकांद्याचं असेल तर कुत्रा आनंदाने पिईल. गुडघ्यापर्यंत त्यातलं काय पोचतं हा वेगळा प्रश्न. न्यूझीलंडच्या हिरव्या शिंपल्यांची भुकटी थोडीफार उपयोगी दिसते, मात्र आयात मालाची किंमत पाहता ती माझ्या यादीत नाही.

दुखणं खरंच असेल तेव्हा पूरकांवर महिने घालवू नयेत. कुत्र्यांसाठीची वेदनाशामकं आहेत, मेलोक्सिकॅम त्यातलं जुनं आणि स्वस्त. रक्ततपासणी करून, डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेतच द्यायचं. आपल्या औषधपेटीतलं आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा पॅरासिटामॉल कुत्र्याचा जीव घेऊ शकतं. डायक्लोफेनॅकवर तर जनावरांसाठी भारतात २००६पासून बंदी आहे, कारण ते दिलेल्या गुरांची मढी खाऊन गिधाडं लाखोंनी मेली. तेव्हा गिधाडांना सुरक्षित म्हणून जो पर्याय पुढे आला, तो हाच मेलोक्सिकॅम.

उरतं ते घर. व्हिट्रिफाइड फरशी म्हाताऱ्या खुब्याची वैरीण आहे. उठताना मागचे पाय दोन्हीकडे फाकतात आणि दिवसातून वीस वेळा तोच सांधा ताणला जातो. झोपण्याच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि दारापर्यंत जुनी सतरंजी, योगा मॅट किंवा गोणपाट, खालून घसरणार नाही असं अंथरलं तर त्याचा गुण त्याच दिवशी दिसतो. एका लांब फेरीऐवजी तीन लहान फेऱ्या, रविवारी हौसेने टेकडी नाही. पंजाच्या बोटांमधले केस वाढले असतील तर कापावेत, आणि चालताना फरशीवर नखांचा टकटक आवाज येत असेल, तर नखंही.